पाहुण्यांचं पाणी

आमच्या ढगेसाहेबांना लग्नाचं आमंत्रण द्यायला लोक जरा बिचकतच. आहेराला ते कमी पडत नसत, पंगतीत रुसत नसत, मानपानाचं तर त्यांना काही कळतच नसे. पण मांडवात शिरल्या शिरल्या ते आधी पाण्याच्या पिंपाकडे जात. पेला भरून घेत, उजेडाकडे धरत, हुंगत, एक घोट जिभेवर घोळवत आणि मग वधूपित्याला चारचौघांत विचारत, "घर पाह्यलं, वावर पाह्यलं, पोरगा पाह्यला. पोरीच्या सासरच्या विहिरीचं पाणी पाह्यलं काय?" वधूपिता बिचारा हो हो म्हणत भटजींना शोधायला पळे.

केशवराव ढगे हे वर्ध्याच्या पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ, आणि मी तिथली टायपिस्ट. प्रयोगशाळा हे नाव मोठं. एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. एकीत काचेची नळकांडी आणि बाटल्या, दुसरीत मी, माझा टाइपरायटर आणि कडेला रचलेल्या आणखी बाटल्या. जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी आमच्याकडे यायचं, साहेब ते तपासायचे आणि ते पिण्यास योग्य की अयोग्य हे मी टाइप करायची. गावचे लोक याला पाणी पास झालं किंवा नापास झालं असं म्हणत. एकदा एक सरपंच पेढे घेऊन आला होता, गावची विहीर पहिल्या झटक्यात पास झाली म्हणून.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची रेल्वेत नोकरी, म्हणून वर्ध्याला आले. सत्तरच्या दशकातला तो मधला काळ. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्यापुढे पाण्याचे दोन पेले ठेवले आणि म्हणाले, "प्या, अन् सांगा यातलं गोड कोणतं." मी म्हटलं, दोन्हींत साखर नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. "साताऱ्याच्या बाई, पाण्याले साखर लागत नसते. पाणी गोड असते नाई त खारं असते. तुमच्याकडं नळाले येईन थे पेता वाटते." तेव्हापासून मी त्यांच्या लेखी साताऱ्याची बाईच राहिले. पुढे दोन टाइपरायटर बदलले, मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी माझं आडनाव त्यांना कधी आठवलं नाही.

स्वतः ते आष्टीकडच्या शेतकरी घरातले. नागपूरला जाऊन बी.एस्सी. झालेले, पण बोलणं गावचंच. कलेक्टर असो की शिपाई, सगळ्यांशी तेच. उंच, हाडकुळे, अंगात टेरिकॉटचा बुशशर्ट आणि त्याच्या खिशाला कसल्याशा रसायनाचा कायमचा निळा डाग. पाऊस लांबला की ऑफिसातले लोक त्यांना चिडवत, "ढगेसाहेब, नुसते ढगेच का, पाणी कुठाय?" यावर ते दर वर्षी नव्याने हसत. खर्रा, पान, सुपारी, काही म्हणजे काही तोंडात टाकत नसत. विदर्भातल्या सरकारी ऑफिसात असा माणूस म्हणजे नवलच. कुणी आग्रह केला तर जीभ बाहेर काढून दाखवत आणि म्हणत, "ही सरकारी मालमत्ता आहे. खराब केली त भरून कोण देईन?"

त्या जिभेचा त्यांना भारी गर्व. धाम नदीचं पाणी कुठलं आणि वर्धा नदीचं कुठलं हे आपण डोळे मिटून सांगू, असं ते उठता बसता म्हणत. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची परीक्षा घेतली. शेजारच्या ऑफिसातल्या माठातलं पाणी आणून दिलं. साहेबांनी डोळे मिटले, घोट घोळवला आणि जाहीर केलं, "पवनार. घाटाच्या वरच्या अंगाचं." आम्ही हसून हसून लोळायचे बाकी राहिलो. साहेब जराही हलले नाहीत. म्हणाले, "मंग त्या ऑफिसातला शिपाई पवनारचा असन. येता येता भरून आणत असन." शिपाई होता हिंगणघाटचा. तरी साहेब आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत. नंतर आठवडाभर त्या शिपायाला, "खरं सांग, पवनारले सासुरवाडी आहे नं तुई?" असं विचारत होते.

हे मुद्दाम सांगते आहे. माणूस प्रेमळ होता, कामात चोख होता, पण आपली चूक झाली हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. नळकांडं फुटलं तर नळकांडं कच्चं, जीप चुकीच्या रस्त्याला लागली तर रस्ता चुकीचा. मला याचा फार राग यायचा. टाइप करताना त्यांच्याच मजकुरातली चूक दाखवली तर म्हणत, "असं काऊन लिवलं असन म्या, काही तरी कारण असन." कारण कधी सापडायचं नाही, आणि चूक शेवटी माझ्या मशीनच्या नावावर जायची.

वाघोडी नावाच्या गावची गोष्ट इथूनच सुरू होते. वर्ध्यापासून फार लांब नाही. गावाला लागून काळ्या दगडाची एक जुनी खदान होती. कधीकाळी रेल्वेच्या रुळांखालची गिट्टी तिथून निघायची. पुढे काम बंद पडलं आणि ती मोठं भोक पडलेली जागा तशीच राहिली. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरे, ढोरं घसरून पडत, आया पोरांच्या नावाने ओरडत राहत. मग एका कारखान्याने विचारणा केली. त्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळसा जळायचा आणि राखेचे ढीग साचले होते. ती राख खदानीत टाकू द्या, तुमची खदान फुकटात बुजेल. गाव खूश होतं, पण दोन चार म्हातारी माणसं कुरकुर करत होती, पाण्याचं काय होईल म्हणून.

योगायोगाने गावाने यावर सभा बोलावली त्याच दिवशी साहेब दुसऱ्याच कुठल्या कामासाठी वाघोडीत गेले होते. मारुतीच्या पारावर सभा चालली होती. सरपंचाने त्यांना हाताला धरून वर बसवलं, पाण्याचे साहेब आलेच आहेत तर त्यांनाच विचारू. आणि आमच्या साहेबांनी, ना पाणी तपासलं ना राख, उभं राहून भाषण ठोकलं. संध्याकाळी ऑफिसात येऊन त्यांनी ते मला पुन्हा करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. "राखेले काय भेता? आपण भांडे राखेनं घासतो. दात राखेनं घासतो. पोराले नजर लागली त कपाळाले राखच लावतो. राखेइतकं साफ या जगात काही नाई!" टाळ्या पडल्या म्हणे. मलाही ते पटलं. माझ्या मोरीत नारळाच्या करवंटीत राखच होती. साताऱ्यालाही तीच होती.

त्यानंतर ट्रक सुरू झाले. काही वर्षं गेली, खदान निम्म्याहून जास्त भरली आणि आम्ही ते विसरून गेलो.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात असेल. एका दुपारी ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात पितळेचा डबा, मागे खाली मान घालून उभी असलेली एक तरुण पोरगी. बाई दारातूनच म्हणाली, "पान्याचे साह्यब तुमीच काय?" साहेब हो म्हणाले तशी तिने डबा त्यांच्या टेबलावर, नळकांड्यांच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. आत वरण होतं. तुरीच्या डाळीचे दाणे तळाशी जसेच्या तसे बसले होते आणि वर पिवळं पाणी.

"हे माही सून, रंजना. सकायपासून चुलीवर ठेवली होती, तरी दाय शिजली नाई. माह्या ननंदा म्हंतेत का पोरीले सैपाक येत नाई, वापस पाठवा माहेरी. हे म्हंते का पानीच शिजू देत नाई. आता तुमी सांगा साह्यब, दोष सुनेचा हाय का पान्याचा?"

डाळीला त्या भागात दाय म्हणतात हे कळायला मला थोडा वेळ लागला. ती बाई म्हणजे वाघोडीच्या यशोदाबाई. सासूने सुनेची फिर्याद घेऊन यावं, आणि तीही सुनेला सोडवायला, हे मी पहिल्यांदाच बघत होते. साहेबांनी चमचा मागवला, कच्ची डाळ खाल्ली, वरचं पाणी जिभेवर घेतलं. मग त्यांनी बाईंना गाव विचारलं. वाघोडी म्हटल्यावर त्यांचा चमचा हातातच राहिला. तो त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरीले घरी न्या. तिच्या हाताले काही झालं नाई."

पुढच्या आठवड्यात जीप नादुरुस्त होती म्हणून त्यांनी ग्रामसेवकाबरोबर नमुन्याच्या बाटल्या वाघोडीला पाठवल्या. गावविहिरीचं पाणी भरून बाटल्या परत आल्या. साहेब तपासायला बसले. पाण्यात लालसर रंग घालायचा आणि वरच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडत राहायचं. पाणी हलकं असेल तर लालचं पटकन निळं होतं, जड असेल तर वेळ लागतो. मी दारातून बघत होते. थेंब पडत होते आणि पाणी लालच होतं. नळी संपली. त्यांनी ती पुन्हा भरली. त्या दिवशी ते चहाला आले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "टाइप करा बाई. अयोग्य." आणि निघून गेले. आपला जेवणाचा रिकामा डबा टेबलावरच विसरून गेले होते.

अहवालावरून तहसीलदारांनी बैठक बोलावली. राख थांबवायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. कारखान्याचे एक अधिकारी आले होते, चष्मा लावलेले, सभ्य, आवाज न चढवणारे. वाघोडीची चार माणसं होती आणि बायकांतर्फे यशोदाबाई. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. राखेतले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतात, पाणी जड होतं, त्यात डाळ शिजत नाही, पोटालाही वाईट. कारखान्याच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाणी भरण्याआधी बाटल्या कुणी धुतल्या होत्या?"

यशोदाबाई ताठ उठून उभ्या राहिल्या. "म्याच! बाटल्या माह्याच घरी ठेवल्या होत्या ग्रामसेवकानं. सरकारच्या घरी जाच्या होत्या त अशा कशा पाठवू? राखेनं घासल्या, चकचकीत केल्या."

सगळं ऑफिस हसलं. तहसीलदार हसले, वाघोडीची माणसंही हसली. राखेने घासलेल्या बाटलीत राख सापडली, यात नवल ते काय? यशोदाबाईंना आधी कळेचना की काय झालं. कळलं तेव्हा त्या हळूच खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरला. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत राहिलेल्या चिमूटभर राखेने पाणी इतकं बिघडत नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते सांगितलंही. पण हशा पिकल्यावर कोण ऐकतं. त्यात कारखान्याचे साहेब नम्रपणे म्हणाले, "आणि ढगेसाहेब, राखेइतकं साफ काही नाही असं तुम्हीच गावात सांगितलं होतंत ना? आम्ही तर तुमच्या शब्दावर गेलो."

यावर साहेबांकडे उत्तर असायला हवं होतं. रस्ता चुकीचा, नळकांडं कच्चं, काहीतरी. पण ते समोरचे कागद गोळा करू लागले. त्यांची ती मान खाली गेलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, तरी वाईट वाटलं.

अखेर तहसीलदार म्हणाले, कागद राहू द्या, आपण सगळेच जाऊन पाहू. म्हणजे आता एकच संधी होती. तहसीलदारांना पटलं तर राख थांबणार, नाही पटलं तर खदान काठोकाठ भरणार आणि गाव तेच पाणी पीत राहणार.

गावात बायकांशी बोलायला एक बाई हवी म्हणून मलाही नेलं. उन्हं चढली होती. यशोदाबाईंच्या घराच्या छपरीत सतरंजी अंथरली होती. बैठकीपासून गावाने त्यांना टोचून टोचून बेजार केलं होतं, हिनेच बाटल्या घासून आपली बाजू बुडवली म्हणून. तरी साहेब लोक जेवतील ते आपल्याच घरी, हा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यातून पाणी आलं. तहसीलदारांनी घटाघटा पेला रिकामा केला आणि मिशी पुसली. "अरे, पाणी तर फस्क्लास आहे!" कारखान्याच्या साहेबांनीही मान डोलावली. "नमुना घ्यायचा तर घ्या, ढगे," तहसीलदार म्हणाले, "पण माझं मत झालं."

साहेबांनी पेला तोंडाला लावला. एकच घोट. मग पेला खाली ठेवून ते उठले आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी आत यशोदाबाईंजवळ बसले होते. चुलीवर वरण रटरटत होतं, डाळ मऊसूत शिजलेली. कोपऱ्यात पाण्याचे दोन गुंड होते, पितळी घागरीसारखे, एकावर झाकण.

"यशोदाबाई, हे पाणी गावविहिरीचं नाई."

"नाई. शिवेवरच्या विहिरीचं हाय. रंजना पहाटी जाऊन घेऊन आली."

"रोज थे पेता तुमी?"

"रोज कसं पुरन? लांब पडते. आमी गावचंच पेतो. हे पाहुन्यासाठी."

"आज त्याईले गावचं द्या. दाळही त्यातलीच वाढा. नाई त त्याईले कळन कसं?"

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी काही अभद्र बोलून दाखवलं होतं. "पाहुन्याच्या ताटात कच्ची दाय वाढू? साह्यब, माह्या सासूनं नाई वाढली, तिच्या सासूनं नाई वाढली. मी मेली तरी वाढनार नाई."

"अवो, तुमच्याच भल्यासाठी..."

"भलं होवो का बुरं होवो. दारात आला थो पाहुना. आमचं पानी खराब हाय म्हून का आमची रीतही खराब हाय?"

आता मला कळलं, इतकी वर्षं वाघोडीला आलेल्या कुठल्याच अधिकाऱ्याने पाण्याची तक्रार का आणली नाही. गावाने कधी कुणाला खरं पाणी पाजलंच नव्हतं. आणि यात त्यांचा दोष काढू तरी कसा? माझ्या आईनेही हेच केलं असतं. मी रंजनाकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, पण हात थांबले होते. बाहेरून तहसीलदारांनी हाक दिली, "ढगे, जेवून निघू या लवकर."

साहेब दारातच उभे राहिले. छपरीत गावची बरीच माणसं जमली होती. ते वळले आणि सगळ्यांकडे तोंड करून बोलू लागले. आवाज भाषणाचा नव्हता. मला वाटलं, ते स्वतःशीच बोलत आहेत.

"या गावात पारावर उभं राहून म्या म्हटलं होतं का राख साफ असते. पाणी तपासलं नवतं, राख तपासली नवती. टाळ्या पाह्यजे होत्या मले. तुमी माह्या शब्दावर राख येऊ देली. म्या चूक केली." त्यांनी यशोदाबाईंकडे हात केला. "बाई बराबर बोलून राह्यली. पाहुण्याले खराब पाणी देऊ नाई. पण ज्यानं तुमचं पाणी खराब केलं थो पाहुणा कसा होईन? मले पाहुणा नोका समजू. मले गावचंच पाणी द्या."

यशोदाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठल्या. दुसऱ्या गुंडातून, झाकण नसलेल्या, त्यांनी तांब्या भरला. सकाळी घरच्यांसाठी केलेलं वरण एका भगुण्यात बाजूला ठेवलेलं होतं. त्यातलं ताटात वाढलं. डाळीचे दाणे ताटात मोजता आले असते. ते ताट त्यांनी स्वतः बाहेर नेलं आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि एवढंच म्हणाल्या, "घ्या."

साहेबांनी पेला पूर्ण रिकामा केला. भाकरीबरोबर ते वरण खाल्लं, शेवटच्या दाण्यापर्यंत, चावून चावून. छपरीत फक्त त्यांच्या दातांचा आवाज येत होता. तहसीलदार आपल्या ताटातल्या मऊ वरणाकडे बघत होते, मग साहेबांच्या ताटाकडे. शेवटी त्यांनी आपलं ताट सरकवलं. "बाई, मलाही त्यातलंच द्या. आणि पाणीही."

त्यांनी एक घोट घेतला. तो तोंडातच राहिला. थुंकावं की गिळावं हे त्यांना कळेना. मोठ्या मुश्किलीने गिळला आणि शेजारी बसलेल्या कारखान्याच्या साहेबांकडे पेला सरकवला. त्या गृहस्थांचं मला कौतुक वाटलं. त्यांनीही तो प्यायला. मग चष्मा काढून पुसत बसले.

जेवणं झाल्यावर सगळे गावविहिरीवर गेले. साहेबांनी नव्या बाटल्या आणल्या होत्या. त्याच विहिरीच्या पाण्याने त्या पुन्हा पुन्हा खळबळून घेतल्या, भरल्या, तहसीलदारांच्या देखत बुचाला लाख लावली. यशोदाबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. साहेब त्यांना म्हणाले, "घासाची गरज नाई बाई. जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं धुवायचं." त्या मान हलवून म्हणाल्या, "मले आधी सांगतलं असतं." साहेब म्हणाले, "हो. सांगाले पाह्यजे होतं. थेही माहीच चूक." एका दिवसात दोनदा! मी जीपमध्ये बसेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत होते, बरं नसेल म्हणून. परतताना सेलूच्या फाट्याच्या आसपास म्हणाले, "जीभ नाई चुकली बाई माही. डोकंच चुकलं होतं."

पुढे राखेचे ट्रक बंद झाले. लगेच नाही, सरकारी गतीने, पण झाले. गावाच्या वरच्या अंगाला बोअर खणलं, त्याला पाणी लागलं, ते पास झालं. गावविहिरीवर फळ्या ठोकून ती बंद केली. खदानीतली राख मात्र जिथे होती तिथेच आहे. ती कोण काढणार आणि कुठे नेणार? साहेब नोकरीत होते तोवर पावसाळ्याआधी आणि नंतर त्या बंद विहिरीच्या फळ्या उचलून नमुना घेत. मी अयोग्य टाइप करत असे. निवृत्त झाल्यावरही ते एसटीने जात आणि बाटली आणून नव्या रसायनतज्ज्ञाच्या टेबलावर ठेवत. नवा माणूस मला विचारी, हे कोण, यांना काय हवं असतं? मी म्हणे, तपासून टाका, त्याशिवाय ते जायचे नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वाघोडीतच. रंजनाच्या धाकट्या मुलीचं बारसं होतं आणि यशोदाबाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. साहेबांची तब्येत तेव्हा उतरली होती. एसटीतून उतरून गावापर्यंत चालताना ते दोनदा थांबले. छपरीत सतरंजी होती. रंजनाने माझ्यापुढे लख्ख तांब्या आणि पेला आणून ठेवला, खाली वाकून नमस्कार केला. साहेबांपुढे काहीच आलं नाही. ते भिंतीला टेकून, गळ्यापर्यंत घाम आलेला, वाट बघत बसले. मला राग आला. म्हटलं, या घरासाठी माणसाने काय काय केलं, आणि याला साधा पेला नाही?

मी रंजनाला हाक मारणार तोच आतून, पुरणाच्या वासातून, यशोदाबाईंचा आवाज आला. "भाऊ, माहे हात भरले हायेत. मी येऊन नाई राह्यली. आत ये, अन् माठातलं तुह्या हातानं घे."

साहेब एकदम ताठ बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्यापुढच्या तांब्याकडे बघितलं. चपला बाहेरच काढलेल्या होत्या. गुडघ्यावर हात देऊन ते उठले, दाराची चौकट ठेंगणी म्हणून वाकले आणि आत स्वयंपाकघरात गेले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. माठात पेला बुडाल्याचा आवाज आला.

"झाकन ठेवजो बरं," यशोदाबाई म्हणाल्या.

"ठेवतो नं, बाई."